पुढे शून्य लावलं की पत्ता बदलतो!

मित्रांनो, मागच्या व्हिडिओत हा मुद्दा राहून गेला, म्हणून इथे लिहितो.

वर्ध्यातल्या माझ्या दुकानात सीसीटीव्ही बसवला, तेव्हा डीव्हीआरच्या स्क्रीनवर पत्ता होता १९२.१६८.००१.०१०. मी तो तसाच ब्राउझरमध्ये टाकला. (टाकताना इंग्रजी आकडेच टाकायचे बरं का.) कॅमेरा काही उघडेना. अर्धा दिवस केबल काढ-घाल केली, बसवणाऱ्या पोरावर उगाच चिडलो. चूक त्याची नव्हती, त्या शून्याची होती.

आपल्या वहीत ०१० म्हणजे दहाच. पण ब्राउझरला पुढे शून्य दिसलं की तो आठच्या हिशोबाने मोजतो. त्याच्यासाठी ०१० म्हणजे ८! म्हणजे मी दहा नंबरच्या घरी जायचं सोडून आठ नंबरचं दार वाजवत होतो. शून्य काढून नुसतं १० टाकलं, कॅमेरा हजर.

आता खरा मुद्दा. तीन ठिपक्यांचा पत्ता ही फक्त आपली सोय आहे. आतून तो एकच मोठा आकडा असतो. २ रुपये ३ पैसे म्हणजे २०३ पैसे, तसंच. फक्त इथे शंभरऐवजी २५६ ने गुणायचं. म्हणून २१३०७०६४३३ टाकलं तरी ब्राउझर त्याचं १२७.०.०.१ करतो, म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर.

हेच ठगांना माहीत आहे. लिंकमध्ये आधी बँकेचं नाव, मग @, मग लांबलचक आकडा. आपण नाव वाचतो आणि दाबतो. ब्राउझर जातो @ च्या पुढच्या पत्त्यावर!

माझं स्पष्ट मत आहे, धंदा करणाऱ्याने चेक वाचतो तशी लिंक वाचली पाहिजे. "मला कॉम्प्युटरातलं कळत नाही" हे कारण आता चालणार नाही, कारण गल्ला आता मोबाईलमध्ये आहे. नुसत्या आकड्यांची लिंक पैशांसाठी आली तर दाबूच नका. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. तो शेवट बघायची सवय लावा. आणि फसलातच, तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

आज एक काम करा: दुकानातल्या डीव्हीआर, प्रिंटर, राउटरचे पत्ते पुढचे शून्य काढून वहीत लिहून ठेवा.