थंड देशातला डास

गोव्या-बेळगावकडची मुले नोकरीसाठी इटली, पोर्तुगाल, इंग्लंडला निघाली की घरची मंडळी स्वेटर आणि लोणच्याची बरणी विसरत नाहीत. डासांचा विचार मात्र कोणी करीत नाही. थंड मुलखात कसले आले डास, असे आपण धरून चालतो.

२००७ साली काय घडले ते पाहा. इटलीत रावेन्नाजवळ कास्तिल्योने नावाची दोन खेडी आहेत, एकाच नदीच्या दोन काठांवर. त्या उन्हाळ्यात तेथे एकामागून एक माणसे तापाने पडू लागली. सांधे असे धरले की अंथरुणातून उठवेना. तो निघाला चिकनगुनिया. जूनमध्ये केरळातून एक गृहस्थ तेथे नातेवाइकांकडे आले होते व दोन दिवसांत त्यांना ताप भरला होता. गावचा डास आधी त्यांना चावला, मग इतरांना. सप्टेंबरअखेर रोगी झाले २०५.

हा पांढऱ्या पट्ट्यांचा डास मूळचा आशियातला. इटलीत तो १९९० साली जेनोवा येथे प्रथम आढळला. जुन्या टायरांच्या व्यापारातून तो तेथे पोचला. त्याची अंडी तिथला हिवाळा सोसतात आणि उन्हाळ्यात कुंडीखालच्या बशीतले पाणीही त्यांना पुरते. २०२५ साली फ्रान्समध्येही शेकडो लोकांना तेथल्या तेथेच चिकनगुनिया झाला.

त्या पाहुण्याला दोष देणे मला पटत नाही. त्याला काय ठाऊक! पण आपल्याला आता ठाऊक आहे. मच्छरदाणी आपण तान्ह्या बाळाला देतो, ते योग्यच. माझे म्हणणे, घरात तापकरी असेल तर त्यालाही द्यावी, आणि दिवसासुद्धा, कारण हा डास दिवसा चावतो. तापाच्या पहिल्या आठवड्यात रोग्याच्या रक्तातूनच तो रोग उचलतो. अंगात ताप असताना विमानात बसू नये. तिकिटाचे पैसे बुडतील, हे खरे. तिकडे पोचल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर आपण कोठून आलो हे डॉक्टरांना आधी सांगावे. एरवी त्यांना चिकनगुनिया सुचायचाही नाही.

युरोपात शेतावर वा रानात काम करणाऱ्यांनी आणखी एक जपावे, ते म्हणजे गोचीड. तिच्यापासून लाइम नावाचा रोग होतो. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यांमागची बाजू तपासावी. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. आपल्याकडच्यासारखे रॉकेल लावू नये, विडीचा चटका तर नाहीच.