गाडीचा खुबा

वाचकहो, दिवाळी झाली की इथली हवा सुखाची होते आणि आपली मंडळी गाड्या बाहेर काढतात. कुणी हत्ताला, कुणी जेबेल जैसला, तरुण पोरं अल बदायरच्या वाळूत. निघण्यापूर्वी एक गोष्ट बघून घ्या, म्हणून यंदाचा विषय बॉल जॉइंट.

आपल्या मांडीचं हाड खुब्यात बसतं, तसाच हा सांधा. पोलादी खोबणीत एक गोळा, भोवती ग्रीस, वरून रबराची टोपी. पुढचं चाक एकाच वेळी वरखालीही होतं आणि वळतंही, ते याच्यामुळे. हा निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी नाकावर बसते. अबुधाबीच्या हद्दीत काही रस्त्यांवर ताशी 140 ची मुभा आहे. त्या वेगात मागच्या सीटवर मुलं असताना काय होईल, ते मी लिहीत नाही.

टोपी शाबूत तोवर सांधा वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. ती फाटली की ग्रीस बाहेर, वाळू आत. इथलं ऊन रबराला तडे पाडतंच. शिवाय 16 एप्रिल 2024 आठवा. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस झाला. तुंबलेल्या पाण्यातून ज्यांनी गाड्या काढल्या त्यांनी नंतर इंजिन पाहिलं, गालिचे वाळवले. खालचे सांधे फार थोड्यांनी पाहिले. आत शिरलेल्या पाण्याने गंज धरतो आणि तो गोळ्याला कानशीसारखा घासत राहतो.

स्पीड ब्रेकरवर टक्क आवाज येणं, स्टिअरिंग भरकटणं, टायर एका कडेनं झिजणं, ही लक्षणं. पण ती फसवी असतात. आमच्या एका स्नेह्यांनी याच आवाजासाठी दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलून घेतले. पैसे गेले, आवाज राहिला.

खरी परीक्षा चाक उचलून होते, आणि जॅक कुठे लावला यावर सगळं अवलंबून आहे. सांध्यावर भार असेल तर झिजलेला गोळाही घट्ट वाटतो. बहुतेक लहान गाड्यांत स्प्रिंग शॉकअब्सॉर्बरभोवती असते. तिथे जॅक चासीखाली लावून चाक लोंबकळू द्यावं. ज्या मोठ्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे जॅक त्या आर्मखालीच, चाकाजवळ. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. मग चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ थांबला तर दोष बेअरिंगचा. राहिला तर बॉल जॉइंटचा संशय धरा आणि टायरखाली पहार घालून उचलताना सांध्याकडे बघा. तीन आणि नऊला हलत असेल तर टाय रॉडकडे वळा.

बदलायचं काम गॅरेजचं, पण तुम्ही जवळ उभे राहा. काही गाड्यांत तो आर्मसकटच येतो, काहींत प्रेसने बसवावा लागतो. शारजातल्या जुन्या भागांच्या बाजारात दरवाजा घ्या, आरसा घ्या. बॉल जॉइंट मात्र नवाच. नटाला स्प्लिट पिन असेल तर तीही नवी हवी. भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवतात, कधीही सैल करून नाही. इथेच घाईत चूक होते. आर्म उघडला असेल तर त्याच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत, नाहीतर बुश पिळलेले राहून लवकर फाटतात. त्यानंतर अलाइनमेंट. दुसऱ्या बाजूचा सांधाही त्याच दिवशी तपासून घ्या. त्यानेही तेवढेच किलोमीटर काढलेले असतात.

कुणी म्हणेल, वार्षिक तपासणीत गाडी पास झाली की! झाली ना, पण ती त्या दिवशीची. फाटलेल्या टोपीला पुढची तारीख कळत नाही.

निघताना जुना सांधा मागून घ्या. माझ्या टेबलावर असा एक आहे. नातू त्याचा गोळा फिरवत बसतो आणि तेच काळे हात घेऊन चकलीच्या डब्याकडे वळतो.