दुकानाला चोवीस तास, शेजाऱ्याला किती?

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाच्या कामगार विभागाने एक परिपत्रक काढले. मद्य विकणारी व पुरवणारी ठिकाणे वगळता महाराष्ट्रातील दुकाने, उपाहारगृहे आणि व्यापारी संकुले चोवीस तास उघडी ठेवता येतील, असा खुलासा त्यात आहे. ही मुभा २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच होती. परंतु पोलीस आणि स्थानिक प्रशासन अडवणूक करतात अशा तक्रारी आल्यामुळे शासनाला खुलासा करावा लागला. तक्रार कोणाची ऐकली गेली, हे आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. ती दुकानाच्या मालकाची होती. त्याच दुकानावर ज्याचे बिऱ्हाड आहे, त्याला कोणी काही विचारलेच नाही.

पांझरेपलीकडच्या देवपूरचा विचार करा. महाविद्यालये, शिक्षकांच्या व नोकरदारांच्या वसाहती, भाड्याच्या खोलीत राहून अभ्यास करणारी खेड्यापाड्यांतली मुले, अशी ही धुळ्याची वस्ती. जुन्या आग्रा रोडसारख्या रस्त्याला लागून खाली गाळे आणि वर घरे असतात. खानदेशातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा माणसे खिडक्या उघड्या ठेवतात, गच्चीवर अंथरुणे घालतात. अशा रात्री खाली शटर वाजत राहिले, मालाचे टेम्पो रिकामे होत राहिले, वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला, तर वरच्या माणसाने झोपायचे कोठे? ज्याच्याजवळ पैसा आहे तो खिडकी लावून वातानुकूलन यंत्र चालू करील. बाकीचे जागे राहतील. शांततेचीही अशी वर्गवार वाटणी होत असते.

कायदा आहे, असे सांगितले जाईल. आहेच! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात निवासी भागातील आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. व्यापारी भागासाठी रात्रीची मर्यादा ५५ आहे, म्हणजे निवासी भागाला दिवसा जेवढी आहे तेवढी. रस्त्यावर 'व्यापारी' असा शिक्का बसला की वरच्या बिऱ्हाडाची रात्र अशी कागदोपत्रीच दिवस होऊन जाते. शिवाय मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक आवाज झाला, तर नागरिकाने तक्रार करावी असे हेच नियम म्हणतात. मध्यरात्री तो मोजायचा कोणी आणि कशाने, हे सांगण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

जानेवारी २०२० मध्ये मुंबईत रात्रीच्या व्यापाराचे धोरण आले, तेव्हा निदान अनिवासी भागातील मॉल आणि गिरण्यांची आवारे एवढ्यापुरते ते मर्यादित होते. वस्तीजवळचा व्यापार आणि वस्तीबाहेरचा व्यापार यांत फरक करावा लागतो, हे शासनाला त्या वेळी कळत होते. आता ठाण्याच्या मॉलला जो नियम, तोच देवपूरच्या गल्लीला! या सरसकटपणाला विकास म्हणण्यास आम्ही तयार नाही.

आपल्यातील काही मित्र विचारतील, की ही मध्यमवर्गाची कुरकुर नव्हे काय? रात्रीच्या व्यापारातून रोजगार मिळेल, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. रात्री औषधाचे दुकान उघडे हवे. बसस्थानकाजवळ चहा मिळायला हवा. हातगाडीवाल्याचे पोट हातगाडीवरच आहे. त्यांच्यावर दंडुका चालवण्यास आमचा विरोधच राहील. पण रोजगाराचा हवाला देणाऱ्यांनी सप्टेंबर २०२५ मधील मंत्रिमंडळाचा निर्णयही वाचावा. दुकानातील कामाचे दैनिक तास नऊवरून दहा करण्याचे आणि कायदा दहाऐवजी वीस कामगारांच्या आस्थापनांपासून लागू करण्याचे त्यात ठरले. दुकानाचे तास वाढवायचे, नोकराचेही वाढवायचे आणि लहान आस्थापनांतील नोकराला संरक्षणाबाहेर ठेवायचे, असा हा हिशेब आहे. दुसरी पाळी खरोखर नेमली गेली तर रोजगार वाढेल. पण ती नेमली जाते की नाही हे पाहणार कोण? काउंटरमागे ताटकळणारा मुलगा आणि वरच्या मजल्यावर कूस बदलणारी म्हातारी यांची झोप एकाच नफ्यासाठी खर्ची पडते. त्यांना एकमेकांचे वैरी ठरवू देऊ नका.

मुंबई प्रांताने १९३९ साली दुकान-कामगारांसाठी देशातील पहिला कायदा केला. व्यापाराच्या तासांना समाजाने लगाम घालावा, हे तत्त्व त्या परंपरेत आहे. जर्मनीने १९५६ साली दुकाने बंद करण्याच्या वेळेचा कायदा केला. २००६ पासून तो अधिकार तेथील राज्यांकडे गेला, बहुतेक ठिकाणी वेळा सैल झाल्या. तरी रविवारी दुकाने सामान्यतः बंदच असतात. तेवढ्याने त्या देशाचा व्यापार बुडाला नाही.

आमची मागणी बंदीची नाही, न्याय्य तडजोडीची आहे. वस्तीतील दुकानांच्या वेळा प्रभागवार ठराव्यात आणि त्याआधी रहिवासी, दुकानदार व नोकर या तिघांचेही म्हणणे ऐकले जावे. औषधे व अत्यावश्यक वस्तूंना मोकळीक असावी. रात्री दहानंतर वस्तीत मालाची चढउतार होऊ नये. आवाज मोजण्याची जबाबदारी तक्रारदारावर न टाकता प्रशासनाने घ्यावी. दुसऱ्या पाळीच्या हजेरीपटाशिवाय रात्रीचा व्यापार चालू देऊ नये. तीन लाखांवरील शहरांसाठी प्रभाग समित्या राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने सांगितल्या आहेत. धुळ्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पावणेचार लाखांच्या घरात होती. तेव्हा ही चर्चा करण्यासाठी नवे व्यासपीठ शोधण्याचे कारण नाही.

कार्यकर्त्यांनी प्रथम एक करावे. रात्री अकरानंतर आपल्या प्रभागातून पायी फिरावे, कोण जागे आहे आणि कोणासाठी, याची नोंद करावी. ती नोंद घेऊन रहिवासी आणि दुकानातील नोकर यांना प्रभाग समितीसमोर एकत्र उभे करावे. रात्र ही कोणाच्या गल्ल्यात जमा करण्याची वस्तू नव्हे. दिवसभर राबलेल्या माणसाची ती हक्काची विश्रांती आहे.