प्रबंध आहे, पण सापडत नाही

यूजीसीच्या २००९च्या नियमांनी पीएचडी प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं, हे चांगलंच झालं. पण शोधगंगेवर किंवा विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात प्रबंध चढला म्हणजे तो वाचकापर्यंत पोहोचला, असं होत नाही. शोधणाऱ्याला आधी भेटते ती त्याची नोंद: लेखक, शीर्षक, विषय, वर्ष. हाच मेटाडेटा. तो एकसारखा नसेल तर असलेला प्रबंधही सापडत नाही.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते. जातीवरचे जुने प्रबंध शोधताना मला ‘दलित’, ‘अनुसूचित जाती’, ‘एससी’, ‘अस्पृश्य’, ‘हरिजन’ असे सगळे शब्द टाकून पाहावे लागतात. ‘मूकनायक’चं रोमन स्पेलिंग कुणी दोन ‘ओ’ लावून करतं, कुणी ‘यू’ लावून. एका शब्दावर थांबणारा संशोधक मग खुशाल लिहितो, ‘या विषयावर फारसं काम झालेलं नाही.’ आपल्या आधीच्यांची वर्षानुवर्षांची मेहनत अशी बेदखल होते.

ग्रंथालयांनी विषयशब्दांची आणि नावांची प्रमाण यादी करावी व प्रत्येक नोंद तिला जोडावी. मात्र एकसारखेपणा म्हणजे एकच सरकारी शब्द नव्हे. ‘अनुसूचित जाती’ हा कायद्यातला प्रवर्ग आहे, ‘दलित’ हा चळवळीने रुजवलेला शब्द आहे. दोन्ही ठेवावेत, एकमेकांशी जोडावेत. जुन्या शीर्षकातला ‘हरिजन’ही खोडू नये. तो त्या काळाचा पुरावा आहे. विषयाच्या रकान्यात आजचा शब्द जोडला की पुरे. आणि ही यादी ठरवताना दलित-बहुजन संशोधक टेबलावर हवेत.

नावाचंही तेच. आडनावावरून जात हुंगली जाते म्हणून आपल्यातले अनेक जण ते गाळतात किंवा बदलतात. तमिळनाडूत तर आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावायची रीत आहे. तरी फॉर्ममध्ये आडनाव सक्तीचं असलं की काहीतरी भरलं जातं आणि एकाच माणसाचे दोन लेखक होतात. यावर ‘ऑर्किड’ हा संशोधकांचा १६ अंकी ओळख क्रमांक उपयोगी पडतो. तो मोफत मिळतो आणि नाव बदललं तरी तोच राहतो.

म्हणून प्रबंध जमा करताना हा फॉर्म दुसऱ्यावर सोडू नका. विषयशब्द मराठीत आणि इंग्रजीतही द्या. नोंद चढल्यावर ती उघडून तपासा, चूक दिसली तर ग्रंथपालांकडे लेखी अर्ज करा. आपल्या वस्तीतून पुढे येणाऱ्या मुलीला आपलं काम पहिल्याच शोधात सापडलं पाहिजे.