एक कीबोर्ड, दोन कॉम्प्युटर : कापड दुकानदाराने काय पाहावे?

कापडाच्या धंद्यात कॉम्प्युटर उशिरा आला, याचे कारण आपला अडाणीपणा नव्हे. १९५७ पासून कापडावर राज्याच्या विक्रीकराऐवजी केंद्राचे जादा उत्पादन शुल्क असे. ते कारखान्याच्या पातळीवरच वसूल होई. किरकोळ दुकानदाराचा कराच्या कागदांशी फारसा संबंध येत नसे. वही, पेन्सिल आणि मीटरपट्टी एवढ्यावर त्याचे भागत होते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि हे चित्र पालटले. त्याच महिन्यात सुरतच्या कापड बाजाराने मोठा संप केला, तो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिकडून येणारा माल तेव्हा अडकला होता. संप मिटला, कर राहिला आणि दुकानात कॉम्प्युटर आला.

आता दुसरा येत आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. जुन्या यंत्रांपैकी बरीच यंत्रे विंडोज ११ घेत नाहीत. चालते यंत्र भंगारात कोण देईल? म्हणून कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावी दुकानदार काय करतो, तर जुने यंत्र इंटरनेट काढून बिल आणि साठ्याच्या नोंदीसाठी ठेवतो. जीएसटीचे रिटर्न, बँक आणि व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार यासाठी नवे घेतो. माझ्या मते ही वाटणी शहाणपणाची आहे. अडचण जागेची. ज्या काउंटरवर तागा उलगडायचा, कापड मोजायचे, कात्री चालवायची आणि गल्लाही सांभाळायचा, तिथे दोन पडदे कसेबसे मावतात. दोन कीबोर्ड आणि दोन माऊस मावत नाहीत. मग प्रश्न येतो : एकच बिनतारी जोड दोन्ही यंत्रांना वापरता येईल का?

येईल. पण मार्ग चार आहेत आणि त्यांतला फरक विकणारा सहसा सांगत नाही.

सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे जोडासोबत येणारा नखाएवढा रिसीव्हर एका यंत्रातून काढून दुसऱ्यात लावणे. दिवसातून एकदा करायचे असेल तर हरकत नाही. पण दर गिऱ्हाइकामागे काढ-घाल केली तर खाच सैल होते, आणि रिसीव्हर एकदा कापडाच्या घडीत गेला की गेलाच. हलक्या बनावटीच्या जोडाला दुसरा रिसीव्हर चालत नाही; सारा जोडच बाद होतो.

दुसरा मार्ग अनेक यंत्रांशी जोडता येणाऱ्या कीबोर्डचा. ही मॉडेले बहुधा ब्लूटूथवर चालतात. एक कळ दाबली की कीबोर्ड पहिल्या यंत्राचा, दुसरी दाबली की दुसऱ्याचा. घरी बसून काम करणाऱ्याला हे फार सोयीचे आहे. दुकानात मात्र एक गोम निघते. माऊसची बदलण्याची कळ वेगळी असते आणि पुष्कळदा ती माऊसच्या पोटाखाली असते. गर्दीत माणूस कीबोर्ड बदलतो, माऊस बदलायचा राहतो. बोटे एका यंत्रात लिहितात आणि बाण दुसऱ्या यंत्रावर फिरतो. साडीचा दर बँकेच्या पानावर उमटला तर तो खोडता येतो. पण बँकेचा पासवर्ड बिलाच्या रकान्यात उमटला आणि समोर गिऱ्हाईक उभे असले तर काय करणार?

तिसरा मार्ग सॉफ्टवेअरचा. मायक्रोसॉफ्टचे ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ २०११ साली आले. ते फुकट आहे आणि चार यंत्रांपर्यंत चालते. माऊसचा बाण एका पडद्याच्या कडेवरून सरळ शेजारच्या पडद्यावर जातो, कीबोर्डही त्याच्या मागे जातो. ॲपलने अशीच सोय २०२२ मध्ये आपल्या यंत्रांना दिली. पाहणाऱ्याला करामत वाटते. तरीही आपल्या दुकानासाठी मी याच्या विरोधात आहे. हे सॉफ्टवेअर चालायला दोन्ही यंत्रे एकाच नेटवर्कवर लागतात. जुने यंत्र आपण इंटरनेटपासून मुद्दाम तोडले होते, ते याच्यासाठी पुन्हा जोडावे लागते. म्हणजे ज्या यंत्राचे संरक्षण संपले आहे, तेच उघड्यावर येते. शिवाय वीज गेली, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहेत पण राऊटर नाही, अशी स्थिती असली तर दुसरे यंत्र चालू असूनही हात-पाय बांधल्यासारखे होते. ज्या यंत्राला कीबोर्ड प्रत्यक्ष जोडला आहे ते बंद असले, तरी तोच प्रकार.

उरतो चौथा मार्ग : यूएसबी स्विच. ही काड्यापेटीहून थोडी मोठी डबी असते. तिच्यातून दोन तारा निघून दोन यंत्रांना जातात, रिसीव्हर डबीतच राहतो, आणि वरचे बटण दाबले की कीबोर्ड व माऊस दोन्ही एकदम इकडून तिकडे जातात. सॉफ्टवेअर नको, नेटवर्क नको. यंत्राला ओळख पटायला दोन-तीन सेकंद लागतात एवढेच. जुने यंत्र तुटलेले ते तुटलेलेच राहते. एका माणसाच्या काउंटरला हाच मार्ग बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बिनतारी या शब्दाकडे वळू, कारण खरी जोखीम तिथे आहे. बिनतारी कीबोर्ड दाबलेली प्रत्येक कळ हवेतून पाठवतो. ती गुप्त लिपीत बांधून पाठवली तर वाटेत कोणाला वाचता येत नाही. उघडी पाठवली तर येते. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सॅमी कामकर याने मोबाईल चार्जरसारखे दिसणारे एक यंत्र करून दाखवले. ते भिंतीच्या सॉकेटमध्ये निमूट बसून जवळच्या काही बिनतारी कीबोर्डवरची अक्षरे टिपून घेत असे. २०१६ च्या जुलैमध्ये बॅस्टिल या अमेरिकन कंपनीने आठ कंपन्यांचे स्वस्त कीबोर्ड उघड्यावरच अक्षरे पाठवतात आणि ती सुमारे अडीचशे फुटांवरून टिपता येतात, हे जाहीर केले. त्याच वर्षी तिनेच असेही दाखवले होते की काही बिनतारी माऊसच्या रिसीव्हरला फसवून लांबून यंत्रात अक्षरे घुसवता येतात. अडीचशे फूट म्हणजे दुकानाच्या पायरीपासून रस्ता ओलांडून चहाच्या टपरीच्याही पुढे.

कोणी म्हणेल, बँकेत ओटीपी आहे, नुसत्या पासवर्डने पैसे जात नाहीत. खरे आहे. पण कीबोर्डवरून फक्त पासवर्ड जात नाही. कोणाच्या नावावर किती उधारी आहे, कोणत्या घरातल्या लग्नाचा बस्ता किती रुपयांचा झाला, माल कोणत्या दराने उचलला, हे सारे त्याच कळांवरून जाते. गिऱ्हाइकाचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे. म्हणून जोड घेताना खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एन्क्रिप्शन’ किंवा ‘एईएस’ हा शब्द शोधावा. दुकानदार दाखवू शकला नाही, तर दुसरा जोड मागावा. ब्लूटूथच्या कीबोर्डमध्ये अक्षरे बांधूनच जातात, त्यामुळे तो या बाबतीत बरा. पण ब्लूटूथचा कीबोर्ड यूएसबी स्विचवर लागत नाही, हे खरेदीआधी ध्यानात ठेवावे.

आणि एक सरळ गोष्ट जी विकणारा कधीच सांगणार नाही : त्याच स्विचवर तारेचा साधा कीबोर्ड आणि माऊसही लागतो. जागा तेवढीच वाचते आणि हवेत टिपण्यासारखे काही राहत नाही. जिथे काउंटरवर कात्री फिरते तिथे तार जपावी लागते, हा त्याचा दोष. गल्ल्याजवळ, कापण्याच्या जागेपासून दूर यंत्र असेल, तर मी तारेचाच जोड घ्या म्हणेन.

आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न भाषेचा असतो. बिलावर मराठी हवी, मालेगावच्या व्यापाऱ्याला पत्र उर्दूत जाते. मग एक कीबोर्ड दोन्हींना कसा पुरणार? याचे उत्तर ऐकून पुष्कळांना नवल वाटते. कीबोर्डला कोणतीच भाषा येत नाही. तो यंत्राला फक्त कळेचा क्रमांक कळवतो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे यंत्र ठरवते. म्हणून एका यंत्रावर मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी आणि दुसऱ्यावर उर्दूची फोनेटिक मांडणी ठेवली, तर स्विचचे बटण दाबताच लिपीही बदलते. इंग्रजी ‘के’ची कळ इकडे ‘क’ देते आणि तिकडे ‘काफ’, जमले. पण ‘जे’ची कळ मराठीत ‘र’ देते आणि उर्दूत ‘जीम’. बोटांना ही सवय लागायला दोन-चार आठवडे लागतात. इन्स्क्रिप्ट ही १९९१ च्या भारतीय मानकातली मांडणी आहे; देवनागरी, गुजराती, बंगाली अशा लिप्यांना ती एकच चालते. उर्दू तिच्यात बसत नाही, कारण ती लिपीच दुसऱ्या घराण्याची आणि उजवीकडून चालणारी. आमच्या शाळेत बोरू उजवीकडून डावीकडे चालत असे, त्यामुळे पहिल्या दिवशी बाण भलत्या दिशेला पळाला तरी घाबरू नये. एकाच यंत्रावर दोन्ही लिप्या हव्या असतील, तर विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की मांडणी बदलते. कळांवर दोन लिप्यांची चिकटपट्टी लावण्याचा मोह मात्र टाळावा. महिन्याभरात ती बोटांच्या घामाने निघते आणि मागे नुसता चिकटा राहतो.

ज्यांच्या दुकानात दोन माणसे दोन यंत्रांवर एकाच वेळी बसतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये. लग्नसराईत किंवा ईदच्या आठवड्यात बाप बिल करतो आणि मुलगा साठा पाहतो, तिथे एक कीबोर्ड म्हणजे भांडणाला निमित्त. मालेगाव-भिवंडीकडे कॉम्प्युटरवर भरतकामाची नक्षी आखणाऱ्या कारागिरांनाही हेच लागू : नक्षी आखणाऱ्याचा माऊस हा त्याचा हात आहे. तो बिलासाठी मागू नये.

जुना तारेचा कीबोर्ड मात्र फेकू नका. बिनतारीची बॅटरी नेमकी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला संपते. ब्लूटूथचा कीबोर्ड तर विंडोज पुरते उघडेपर्यंत बहुधा चालतच नाही, त्यामुळे यंत्र मध्येच अडले आणि सुरुवातीलाच एखादी कळ दाबा म्हणाले, तर त्याचा उपयोग नसतो. धूळ पुसून गल्ल्याखालच्या खणात ठेवा, आणि बॅटरीची एक जोडी त्याच्याशेजारी.