आम्हाला विचारलंत कशाला?

पुण्याच्या संस्थेतल्या ताई-दादांनो,

गेल्या आषाढात तुम्ही वेल्ह्याकडच्या आमच्या गावात आलात तेव्हा भाताची लावणी चालू होती. तरी चिखलाच्या पायांनी आम्ही देवळात येऊन बसलो. का? तर तुम्ही म्हणालात, "आधी तुमचं ऐकू, मग काय करायचं ते ठरवू." असं आजवर आम्हाला कुणी म्हटलं नव्हतं.

तुमच्या सांगण्यावरून फरशीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. ज्या घरांवर कर्ज, तिथं चिंचोके ठेवले. नवऱ्यालाही ठाऊक नसलेलं कर्ज एका सुनेनं तुम्हाला विश्वासानं सांगितलं. त्या माहितीचं पुढं काय केलंत? निदान तिला तरी सांगाल?

गरजाही आम्ही नीट सांगितल्या होत्या. नाचणी आणि हातसडीचा तांदूळ पुण्यात थेट विकता यावा. कर्जाचा कागद वाचता यावा. कारण कर्ज देणारा एजंट 12 टक्के म्हणतो, पण दरमहा मुद्दल फिटत असतानाही व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवरच धरतो. वर्षाच्या कर्जाला तो दर प्रत्यक्षात 21 टक्क्यांच्या वर पडतो. हा हिशेब तुमच्याच एका ताईंनी मांडून दाखवला होता. "पुढच्या खेपेला सगळं शिकवू," हे शब्दही त्यांचेच.

आणि आलं काय? शिवणवर्ग. आधीच्या योजनेतली यंत्रं धूळ खात पडलीत, हे तुम्ही स्वतः लिहून नेलं होतंत ना? वर बचतीवर तासभर भाषण. दर महिन्याला गटात पैसे भरणाऱ्या बायकांना बचतीचं महत्त्व सांगायचं होतं? सगळं आधीच ठरलं होतं, तर आम्हाला विचारलंत कशाला?

आम्हाला झेपणार नाही असं वाटलं का? म्हसवडच्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून बँकेचा परवाना नाकारला होता. त्या शिकल्या, रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढं व्याजाचा हिशेब करायला उभ्या राहिल्या आणि 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. ही गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितलीत. मग आमच्या वेळी कशी विसरलात?

आता नवे प्रश्न घेऊन पुन्हा येताय, असा निरोप आलाय. जरूर या. पण यंदाची लावणी उरकल्यावर या, आणि आधी मागची माहिती नावं वगळून ग्रामसभेत वाचून दाखवा. कोणती गरज धरली, कोणती सोडली आणि का, हे आमच्या तोंडावर सांगा. तोवर तुमच्या एकाही प्रश्नाला आम्ही उत्तर देणार नाही.

बचत गटाची एक सभासद