माणशी मत की वर्गागणिक मत?

आपल्या पिढीला नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय म्हणून ठाऊक आहे. हक्क पाठ, कर्तव्ये पाठ, आणि परीक्षा संपली की दोन्ही विसरायला आपण मोकळे. युरोपातील शाळांनी या विषयासाठी एक निराळी वाट धरली आहे.

युरोपीय आयोगाने २००५ साली 'ई-ट्विनिंग' हा उपक्रम सुरू केला. निरनिराळ्या देशांतील वर्गांनी संगणकाद्वारे एखादे काम एकत्र करावे, ही त्यामागची कल्पना. एकट्या शिक्षकाला प्रकल्प मांडता येत नाही; किमान दोघे लागतात. ज्याचे आयुष्य बँकेत गेले त्याला येथे दोन सह्यांचे संयुक्त खाते आठवणारच. प्रकल्पासाठी संकेतस्थळावर एक बंदिस्त दालन मिळते. तेथे सहभागी मुले आणि शिक्षक यांनाच प्रवेश असतो. २०१९ साली तर 'लोकशाही सहभाग' हाच या उपक्रमाचा वार्षिक विषय होता.

वाचकहो, समजा लिस्बनच्या वर्गात तीस मुले आहेत आणि क्राकोच्या वर्गात पंधरा. लिस्बनला नदीवर काम करायचे आहे, क्राकोला शहराच्या धुरकट हवेवर. मतदान घ्यायचे ठरले, तर मते माणशी मोजायची की वर्गागणिक? माणशी मोजली तर क्राको प्रत्येक वेळी हरणार; वर्गागणिक मोजली तर लिस्बनच्या मुलाचे मत निम्म्या मोलाचे. आपल्याकडे सहकारी संस्थेत सभासदाला एकच मत, शेअर दहा असोत वा हजार. कंपनीत मात्र शेअरच्या प्रमाणात. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेलाही हा पेच चुकला नाही. तेथे बहुतेक निर्णयांना किमान ५५ टक्के सदस्य राष्ट्रे आणि त्यांत संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या, असा दुहेरी कस लावतात. शाळकरी मुले स्वतःच्या भांडणातून या प्रश्नापाशी पोहोचली, तर तो त्यांना पुन्हा पाठ करावा लागणार नाही, असे मला वाटते.

पण संयुक्त खाते बंदही होते. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधील ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, आणि २०२० साल सरताच तेथील शाळांचा ई-ट्विनिंगमधील सहभाग संपला. कौल रीतसर होता, त्याविषयी माझी तक्रार नाही. मते देशभर माणशी मोजली गेली. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने पडली होती, तरी तेथील शाळाही बाहेर पडल्या.

त्याच स्कॉटलंडने २०१४ च्या स्वातंत्र्याच्या जनमत चाचणीत सोळा वर्षांच्या मुलांना मताधिकार दिला होता. २०१६ मध्ये ती सवलत नव्हती. ज्या विद्यार्थ्यांची दालने मिटली, त्यांपैकी एकाचेही मत त्या मोजणीत नव्हते.